तीस वादळं आणि 'मूळ' नावाचा रकाना : प्रकल्प नोंदी

१५ जून २०२४, शनिवार

भाचीचा बारावीचा पर्यावरणाचा प्रकल्प. विषय तिनेच घेतला, 'चक्रीवादळं कुठून येतात'. कॉलेजला वीस पानांची वही पुरते. पण मामा दिवसभर नकाशेच काढतो हे बाईसाहेबांनी मैत्रिणींना सांगून ठेवलंय, त्यामुळे आता भिंतीवर लावायचा नकाशा हवा. ऑफिसात पाण्याच्या पाइपलाइनी काढतो मी, वादळं नाही. हे तिला सांगून उपयोग नव्हता.

आपल्या अरबी समुद्रावर करावं असं आधी ठरत होतं. पण तिथे वर्षाला एखाद-दुसरं वादळ, त्यातून काय दिसणार? म्हणून अटलांटिक, आणि वर्ष २०२०. त्या एका मोसमात नाव मिळालेली ३० वादळं झाली, आजवरचा विक्रम. नेहमीची नावांची यादी सप्टेंबरातच संपली आणि पुढे ग्रीक अक्षरं वापरावी लागली. शिवाय मायामीचं नॅशनल हरिकेन सेंटर नंतर प्रत्येक वादळाचा सविस्तर अहवाल काढतं. ते कुठून आलं, कसं वाढलं, कुठे आपटलं, सगळं त्यात असतं. म्हणजे वाचायला साहित्य आहे.

एक्सेल उघडून रकाने केले: नाव, तारीख, अक्षांश, रेखांश, मूळ. 'मूळ'खाली भाचीने दोन पर्यायांची यादी टाकली, 'आफ्रिका' आणि 'समुद्र'. दोन पुरतील असं मलाही वाटलं, हे इथे लिहून ठेवतो.

रात्री श्रीवर्धनहून आईचा फोन. तिला सांगितलं तर म्हणाली, "नदीचं मूळ नि ऋषीचं कूळ शोधू नये म्हणतात. तू वादळाचं शोधायला निघालास?" मग थोडं थांबून, "ते निसर्गाचंही शोध जरा, वाडी आडवी केलीन त्याने." निसर्ग म्हणजे २०२०च्या जूनमधलं चक्रीवादळ. आमच्या वाडीतल्या सुपाऱ्या त्यात गेल्या. नवी लावलीत, पण सुपारी धरायला वर्षं लागतात.

१६ जून

वादळांचे मार्ग असलेली फाइल उतरवून घेतली. साधी मजकुराची फाइल आहे, १८५१पासूनची सगळी अटलांटिक वादळं त्यात. प्रत्येक वादळाची एक मथळ्याची ओळ, आणि त्याखाली दर सहा तासांनी ते कुठे होतं, वारा किती नॉट, दाब किती, आणि दोन अक्षरांत त्याची अवस्था. ३४ नॉट, म्हणजे ताशी ६३ किलोमीटर झाले की नाव. ६४ नॉटला हरिकेन.

पायथनमध्ये दहा ओळींचं स्क्रिप्ट लिहिलं, बिंदू नकाशावर टाकले, आणि भाची ओरडली, "मामा, हे आपल्याकडे कुठे आलं?"

लॉरा वादळ रायगड जिल्ह्यात उभं होतं.

चूक माझीच. फाइलीत रेखांशाच्या आकड्यामागे पश्चिमेचं 'डब्ल्यू' असतं. ते अक्षर मी काढून टाकलं आणि आकड्याआधी उणे लावायचं विसरलो. त्यामुळे सगळा अटलांटिक आरशात पाहिल्यासारखा पूर्व गोलार्धात आला. २३ ऑगस्ट २०२० रोजी लॉरा हिस्पॅनिओला बेटावरून, म्हणजे डॉमिनिकन रिपब्लिक आणि हैतीवरून चाललं होतं. तो पश्चिमेचा ७०-७३ रेखांश, आपला कोकण पूर्वेच्या ७३वर. अक्षांश तर सारखाच. हैतीची राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्स आणि पुणे, दोन्ही साडेअठरा उत्तर. इतकी वर्षं नकाशे काढून हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

एक उणे चिन्ह घातलं आणि लॉरा परत गेलं. चुकलेला नकाशा भाचीने मोबाइलमध्ये ठेवला, आजीला दाखवायला.

२० जून

ऑफिसातून आल्यावर बातम्या पाहिल्या. यंदाच्या मोसमाचं पहिलं वादळ अल्बेर्टो. मेक्सिकोच्या आखातात काल नाव मिळालं आणि आज टँपिकोजवळ किनाऱ्यावर गेलंसुद्धा. यात आमच्या कामाचं एक निघालं. त्याच्याबद्दलची पत्रकं १७ तारखेपासूनच निघत होती. तेव्हा ते वादळ झालेलं नव्हतं, म्हणून त्याला 'संभाव्य चक्रीवादळ क्रमांक एक' म्हणत होते. २०१७पासून ही सोय केलीय, कारण जन्मायच्या आधीच किनाऱ्यावरच्या लोकांना सावध करावं लागतं. आणि झालंही तसंच. नाव पडलं तेव्हा शेकडो किलोमीटर दूर टेक्सासच्या किनाऱ्यावर पाणी चढायला लागलंच होतं.

मग जन्म म्हणायचा कधी? व्याख्या आहे: उबदार समुद्रावर, थंड-गरम हवेच्या सीमेशी बांधलेलं नसलेलं, खालच्या पातळीवर वारा पूर्ण गोल फिरतोय आणि गडगडाटी ढग मध्याभोवती धरून आहेत. एवढं जुळलं की डिप्रेशन, त्याला क्रमांक मिळतो. पुढे वारा ३४ नॉटला गेला की नाव. भाचीला सोपं करून सांगितलं: क्रमांक म्हणजे जन्म, नाव म्हणजे बारसं. ती लगेच, "म्हणजे बिनबारशाचं पण असेल कुणी?" आहे. २०२०च्या जुलैअखेरीस केप व्हर्दे बेटांजवळ डिप्रेशन क्रमांक दहा झालं आणि नाव न मिळता विरलं. म्हणून त्या वर्षी जन्म ३१, बारशी ३०.

रकाने वाढवले. 'जन्म', 'बारसं', आणि त्याआधी एक 'बीज'. हवामानवालेही अशा सुरुवातीच्या ढगाळ गोंधळाला बीजच म्हणतात, त्यामुळे शब्द शोधावा लागला नाही. आता 'मूळ' या रकान्याला नक्की काम काय, ते कळेना. ठेवलाय तसाच.

२३ जून, रविवार

आज क्रिस्टोबालवर पूर्ण सकाळ गेली. भाचीने त्याच्यापुढे 'समुद्र' लिहिलं होतं, कारण फाइलीतला पहिला बिंदू मेक्सिकोजवळ कांपेचेच्या उपसागरात पडतो. अहवाल वाचला तर प्रकरण वेगळंच.

मे २०२०च्या शेवटी मध्य अमेरिकेच्या पलीकडच्या बाजूला, पॅसिफिकमध्ये, अमांडा नावाचं वादळ झालं. ३१ मे रोजी ते ग्वाटेमालात शिरलं आणि डोंगरांत मोडलं. एल साल्वादोरमध्ये पुरांनी हाहाकार केला. त्याचा खालचा भोवरा संपला, पण वरची फिरती, ओली हवा शिल्लक राहिली आणि उत्तरेला सरकत अटलांटिकच्या बाजूला उतरली. १ जूनला तिथे नवं डिप्रेशन, २ जूनला नाव क्रिस्टोबाल.

आता हे एकच वादळ की दोन? नियम असा की जमीन ओलांडताना चक्रीवादळ म्हणून टिकून राहिलं तर जुनंच नाव चालतं. २०२२मध्ये बॉनी निकाराग्वा ओलांडून पॅसिफिकात गेलं ते बॉनी म्हणूनच. मध्ये मोडलं आणि पलीकडे पुन्हा जमलं तर नवं नाव. अमांडा मोडलं, म्हणून क्रिस्टोबाल. हवा तीच, पाऊस तोच, कागद बदलला. अहवालात शिवाय मध्य अमेरिकी भोवऱ्याचाही उल्लेख आहे, म्हणजे मध्य अमेरिकेभोवती मे-जूनमध्ये आणि पुन्हा शरदात कधीकधी तयार होणारं कमी दाबाचं प्रचंड, सैल, गोल फिरणारं क्षेत्र. अमांडा आणि क्रिस्टोबाल दोघंही त्याच्याच पदरात होते.

भाची म्हणाली, "मग 'मूळ'मध्ये काय लिहू? पॅसिफिक?" तात्पुरतं 'इतर' टाकलं. पहिला 'इतर'.

जाता जाता तारीख पाहिली. क्रिस्टोबाल मेक्सिकोच्या किनाऱ्यावर गेलं ते ३ जून २०२०, आपल्या घड्याळाने संध्याकाळी सातच्या सुमारास. त्याच दिवशी दुपारी निसर्ग अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं होतं. आई तेव्हा शेजाऱ्यांच्या स्लॅबच्या घरात बसून होती आणि पुढे दोन दिवस तिचा फोन लागला नाही. दोन्ही वादळांचा एकमेकांशी काही संबंध नाही. तरी ती तारीख मी पिवळी करून ठेवली. निसर्गाचं मूळ त्या मानाने सरळ आहे. मे संपता संपता, मान्सून केरळात येत असताना, आग्नेय अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा झाला आणि तो उत्तरेला चढत आला.

२९ जून, शनिवार

काम शून्य. सकाळी साडेआठला पाहिलं, यंदाचं दुसरं, बेरिल, बारसं झालेलं. आफ्रिकेकडून आलेल्या वाऱ्याच्या लहरीतून. रात्री टी-ट्वेंटी वर्ल्डकपची फायनल, बार्बाडोसला. सूर्यकुमारचा झेल पाहिला आणि प्रकल्प, वादळ सगळं विसरलो. सात धावांनी जिंकलो. वादळ तेव्हा बार्बाडोसच्या पूर्वेला हजारेक किलोमीटरवर होतं, हे झोपताना आठवलं.

२ जुलै

सामना संपल्यावर काही तासांतच बेरिल हरिकेन झालं. डिप्रेशनपासून भल्या मोठ्या हरिकेनपर्यंत जायला दोन दिवसही लागले नाहीत. काल ते ग्रेनेडाच्या कॅरियाकू बेटावर चौथ्या श्रेणीचं होऊन आदळलं, आज पाचव्या, म्हणजे सर्वांत जोरदार श्रेणीत गेलं. अटलांटिकच्या नोंदींत इतक्या लवकर पाचवी श्रेणी कधीच आलेली नाही. याआधीचं सर्वांत लवकरचं म्हणजे २००५च्या जुलैच्या मध्यातलं एमिली. विमानतळ बंद, आपला संघ हॉटेलात अडकलेला. ऑफिसातल्या ज्या लोकांना मी तीन आठवडे वादळांबद्दल सांगायचा प्रयत्न करत होतो, ते आज स्वतःहून खुर्ची ओढून विचारायला आले. "एवढं अचानक कसं आलं?"

अचानक नाही आलं. हवेतला मागचा सगळा प्रवास नकाशावर होता, पण तेव्हा त्याला नाव नव्हतं आणि नाव नसलेल्या गोष्टीची बातमी होत नाही. आणि खालचा समुद्र? जूनअखेरीसच तो सप्टेंबरात असतो तितका तापलेला होता. जूनमध्ये एरवी अशी लहर कॅरिबियनच्या अलीकडेच मान टाकते.

७ जुलै, रविवार

संघ ४ तारखेला परतला, मरीन ड्राइव्हवर माणसांचा समुद्र. भाची दोन दिवस तेच व्हिडिओ पाहत होती. आज बसली.

आफ्रिकी लहरींचं एकदाचं नीट समजून घेतलं. पुढचा सगळा नकाशा यावर उभा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

उन्हाळ्यात सहारा भाजून निघतो. त्याच्या दक्षिणेला गिनीच्या आखाताचा किनारा पावसाने ओला आणि त्या मानाने थंड. नेहमी विषुववृत्ताकडे गरम आणि उत्तरेला थंड असतं, इथे उलटं. या उलट्या फरकामुळे जमिनीपासून साधारण तीन-चार किलोमीटर उंचीवर पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारा वाऱ्याचा जोरकस पट्टा तयार होतो, आफ्रिकी पूर्व जेट. हा पट्टा सरळ वाहत नाही. सुदान, दार्फूरचे डोंगर, इथिओपियाचं पठार या भागात दुपारी जे अजस्र गडगडाटी ढग उठतात, ते त्याला धक्का देतात आणि पट्टा हेलकावे खाऊ लागतो. तो हेलकावा म्हणजे लहर. लांबी दोन-अडीच हजार किलोमीटर. एका ठिकाणी उभं राहिलं तर दर तीन ते पाच दिवसांनी एक जाते. मोसमभरात साठेक लहरी आफ्रिकेचा किनारा सोडतात. बहुतेक नुसता पाऊस देत जातात, काही मध्य अमेरिका ओलांडून पॅसिफिकात वादळं जन्माला घालतात. अटलांटिकची साधारण ६० टक्के वादळं या लहरींतून येतात, पण मोठ्या हरिकेनांतली सुमारे ८५ टक्के.

या लहरी माणसाला कळल्याच मुळी उशिरा. १९४०च्या सुमारास गॉर्डन डन यांना कॅरिबियन बेटांवरच्या दाबाच्या नोंदींत पश्चिमेकडे सरकणारे चढ-उतार दिसले, हर्बर्ट रील यांनी त्यांना नीट रूप दिलं. उपग्रह आल्यावर आफ्रिकेपर्यंत माग काढता आला. १९७४मध्ये डकारला तळ ठेवून मोठी आंतरराष्ट्रीय मोहीम झाली, जहाजं, विमानं, सगळं लावून. तिचं नाव 'गेट'. भाचीला वाटलं प्रवेश परीक्षा.

लॉराची लहर १६ ऑगस्ट २०२० रोजी आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून बाहेर पडली. २० तारखेला डिप्रेशन, पुढच्या दिवशी नाव, २७ तारखेला लुइझियानात कॅमरनजवळ चौथ्या श्रेणीचं हरिकेन. फाइलीत लॉराचा पहिला बिंदू भर अटलांटिकात, लहान अँटिलीस बेटांच्या पूर्वेला. पण अशी लहर दिवसाला सहा-सातशे किलोमीटर चालते. मागे मोजत गेलं तर ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात ती सुदानच्या आसपास कुठेतरी असणार.

इथे भाचीच्या डोळ्यांत चमक आली. पावसाळ्यात आपल्या डोक्यावर, चौदा-पंधरा किलोमीटर उंचीवर, पूर्वेकडून पश्चिमेकडे जाणारा आणखी एक जेट असतो. तो पार आफ्रिकेपर्यंत जातो. हवामान खात्यातल्या पी. कोटेश्वरम यांनी १९५८मध्ये त्यावर लिहिलं. "म्हणजे लॉरा आपल्याकडूनच निघालं!" नाही. उंची वेगळी, जेट वेगळा. मान्सून आणि आफ्रिका एकाच मोठ्या यंत्राची अंगं आहेत, इतकंच म्हणता येतं. नकाशावर पुण्याहून बाण काढायला मी साफ नकार दिला. ती रुसली. असो.

१४ जुलै, रविवार

आज जमिनीवरचं काम, आणि आतापर्यंतचं सर्वांत मजेचं. ऑगस्ट २०२०च्या रोजच्या उपग्रहचित्रांतून फक्त एक आडवी पट्टी कापायची: ५ ते २० उत्तर अक्षांश, रुंदी आफ्रिकेच्या पोटापासून कॅरिबियनपर्यंत. एकतीस दिवसांच्या एकतीस पट्ट्या. झेरॉक्सवाल्याकडून छापून आणल्या, दोन बोटं जाडीच्या. हॉलमध्ये सतरंजी गुंडाळून फरशीवर ब्राउन पेपर पसरला. १ ऑगस्टची पट्टी वर, २ची तिच्या खाली, अशा डिंकाने चिकटवत गेलो. पंखा बंद, कारण पट्ट्या उडत होत्या. ताई दारात उभी राहून म्हणाली, "दोघं मिळून पसारा केलात की काय घराचा."

दहा-बारा पट्ट्यांपर्यंत नुसते पांढरे ठिपके. विसाव्या पट्टीच्या सुमारास भाची स्टुलावर चढली आणि वरून म्हणाली, "मामा, रेघा आहेत."

खरंच होत्या. उजवीकडे वरून डावीकडे खाली, तिरप्या, एकामागे एक, पावसाची सर खिडकीतून तिरपी दिसते तशा. प्रत्येक रेघ म्हणजे एक लहर, दिवसागणिक पश्चिमेला सरकलेली. हवामानवाले हीच युक्ती १९४९पासून वापरतात, हॉवमोलर आकृती म्हणतात तिला. आमची डिंकाची होती एवढंच. लाल स्केचपेनने लॉराची रेघ ओढली. १६ तारखेच्या पट्टीत ती किनाऱ्यावर मिळते. त्याच्या आधी, जमिनीवर, ढग दुपारी फुगतात आणि रात्री विरतात, त्यामुळे रेघ तुटक होत जाते. १२ तारखेची पट्टी तासभर पाहिली. हाच तो ढग की शेजारचा? भाची म्हणाली हा, मी म्हणालो तो. शेवटी तिथून पुढे तुटक रेघ काढली आणि आफ्रिकेच्या मधोमध सोडून दिली.

लॉराच्या पुढची रेघ मार्कोची. बाकीच्या बहुतेक रेघा बिननावाच्याच.

२८ जुलै

भाचीचे क्लास सुरू, आता मी एकटाच. तरी रविवारी चक्कर मारते.

आज एकाच दिवसाचं काम केलं, १८ सप्टेंबर २०२०. त्या दिवशी सहा-एक तासांत तीन बारशी झाली. विल्फ्रेड: आफ्रिकेजवळच्या अटलांटिकात, लहरीतून, ठरल्या वाटेने. त्यावर यादीतली नावं संपली. मग अल्फा. मग बीटा, मेक्सिकोच्या आखातात. तिथेच दिवसेंदिवस रेंगाळलेल्या कमी दाबाच्या पट्ट्यातून.

मधलं अल्फा म्हणजे कमाल आहे. ते पोर्तुगालच्या किनाऱ्याजवळ झालं. उत्तर अटलांटिकातलं थंड प्रदेशातलं मोठं, साधं वादळ दक्षिणेला उतरलं, त्याच्या पोटात एक लहानसा घट्ट भोवरा जमला, आणि नाव मिळाल्यावर काही तासांतच तो पोर्तुगालच्या मुख्य भूमीवर गेला. अशा वादळाने तिथे पाय ठेवल्याची ही पहिली नोंद. भाचीच्या पुस्तकात छापलंय, समुद्र २६-२७ अंश तापल्याशिवाय चक्रीवादळ होत नाही. तिथलं पाणी त्याहून कितीतरी थंड होतं. तरी झालं, कारण वरची हवा त्याहूनही गार होती. खालून वर हवा उसळायला तापमानातला फरक लागतो, तो दोन्ही बाजूंनी मिळू शकतो. याला शुद्ध उष्णकटिबंधीय म्हणत नाहीत, उपोष्ण म्हणतात. नोव्हेंबरातलं थीटाही थंड मुलुखातल्या वादळातूनच आलेलं. त्याने २००५चा २८ वादळांचा विक्रम मोडला.

'मूळ'मधले 'इतर' आता इतके झालेत की 'समुद्र' हा पर्याय काढूनच टाकला. सगळीच समुद्रातली. तो शब्द काही सांगतच नव्हता.

११ ऑगस्ट

छोटी नोंद. २००५च्या त्या २८मध्ये नावं २७च आहेत. अठ्ठाविसावं मोसम संपल्यावर सापडलं. ऑक्टोबरात अझोर्स बेटांजवळून गेलेल्या एका वादळाची आकडेमोड कार्यालयात पुन्हा केली, आणि ते व्याख्येत बसत होतं असं निघालं. म्हणजे जगून, मरून झाल्यावर जन्मनोंद. आपल्याकडे तहसील कचेरीत असले दाखले निघतात, हे तिकडेही चालतं म्हणायचं.

२५ ऑगस्ट, रविवार

यंदाचं मोसम चमत्कारिक निघालं. बेरिलनंतर सगळे तोंडाला फेस येईपर्यंत सांगत होते की हे वर्ष विक्रम करणार. ऑगस्टमध्ये डेबी झालं, अर्नेस्टो झालं, आणि आता, ऐन भरात, अटलांटिक रिकामा. रोज रात्री जेवणानंतर उपग्रहचित्र पाहतो. लहरी येतायत, नाही असं नाही. पण त्या किनारा सोडतायत नेहमीपेक्षा फार उत्तरेला. तिथे समुद्र गार आणि सहाराची कोरडी, धुळीची हवा. लहर पाण्यावर येते आणि दोन दिवसांत तिचा धुरळा होतो. पावसाचा पट्टाच आफ्रिकेत वर सरकलाय, सहाराच्या कडेला पाऊस पडतोय.

मला हे बरंच शिकवून गेलं. बीज होतं, ताप होता, आणि तरी काही नाही. दोन-चारशे किलोमीटर उत्तरेला पडलं म्हणून. २०२०चा तक्ता करताना मी फक्त जन्मलेल्यांचा हिशेब मांडत होतो. साठ लहरींतल्या उरलेल्यांची एकही ओळ माझ्याकडे नाही. फरशीवरच्या त्या बिननावाच्या रेघा नकाशावर घ्यायच्या, फिकट राखाडी रंगात. भाचीला फोन करून सांगितलं. म्हणाली, "घे, पण अभ्यास मला करू दे."

९ सप्टेंबर, श्रीवर्धन

गणपतीला आलोय. उद्या गौरी. माजघरात मोदकपात्रांचा आवाज, ओटीवर मी लॅपटॉप घेऊन. आईने विचारलं, "अजून सापडलं नाही का मूळ?" चुकलेला नकाशा, ज्यात लॉरा आमच्या डोक्यावर आहे, तो तिला दाखवला. चष्मा लावून बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, "हे कधी आलं होतं?" समजावलं. तिला ते उणे चिन्ह फार आवडलं. एका रेघेने गेलं ना, म्हणाली, बरं झालं.

रात्री साडेआठची आरती आटोपून नेट पाहिलं तर मेक्सिकोच्या आखाताच्या नैऋत्य कोपऱ्यात फ्रान्सिनचं बारसं. जवळजवळ तीन आठवड्यांत अटलांटिकमध्ये एकही नाव चालू नव्हतं.

सकाळी वाडीत गेलो. २०२०नंतर लावलेल्या सुपाऱ्या डोक्याच्या वर गेल्यात. जुन्या सुपाऱ्यांचे बुंधे अजून जमिनीत आहेत, सगळे एकाच बाजूला कललेले. निसर्गाचा वारा कुठून आला ते त्यांच्याकडे पाहून कळतं.

२८ सप्टेंबर, शनिवार

हेलेन. काल आपल्या सकाळी फ्लोरिडात पेरी गावाजवळ चौथ्या श्रेणीचं होऊन गेलं आणि आज बातम्या येतायत त्या पार आतल्या, नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगरांतल्या. अॅशव्हिलच्या रस्त्यांना पूर, पूल वाहून गेलेत, गावांशी संपर्क नाही.

तक्त्यात ओळ टाकायला बसलो. २०२०चा तक्ता आहे, २०२४ त्यात नाही, पण हात थांबेना. हेलेनमागे आफ्रिकेची एकटी लहर नाही. तोच मध्य अमेरिकी भोवरा, क्रिस्टोबालच्या वेळचा. कॅरिबियनच्या पश्चिमेला हजार किलोमीटरहून रुंद, सैल, आतल्या आत घुटमळणारी हवा. आठवडाभर आधीपासून सगळे सांगत होते की यातून काहीतरी होणार, पण नेमकं कुठे, ते नाही. २३ तारखेला 'संभाव्य', २४ला नाव, तिथल्या २६च्या रात्री किनारा.

भाची आली होती. तिच्या हातात लाल टाचणी होती. छापील नकाशावर आम्ही जन्मस्थळं टाचण्यांनी लावतोय. "मामा, ही कुठे लावू?" नाव पडलं तो बिंदू तिने दाखवला. मी म्हणालो, थांब. पेन्सिलने त्या भोवऱ्याएवढा लंबगोल काढला. होंडुरास, बेलिझ, युकातानचा तुकडा, अर्धा पश्चिम कॅरिबियन. वहीच्या पानाएवढा झाला. ती म्हणाली, यात टाचणी बसत नाही.

मग क्रिस्टोबालची टाचणी काढली आणि तिथेही लंबगोल काढला. लॉराची काढली, तुटक रेघ ठेवली. अल्फाची तेवढी ठेवली. विल्फ्रेडच्या टाचणीवरून वाद झाला. ती म्हणते ठेव, निदान काही तरी टोचलेलं दिसू दे. ठेवली. 'मूळ' रकाना पुसायचा होता, पण तिच्या वहीत तो आधीच शाईने आखलाय. तिथे पर्याय न देता चार ओळी लिहायला जागा करतोय, प्रत्येक वादळाला. तीस चोक एकशेवीस ओळी होतात. त्यातल्या अकरा लिहून झाल्यात.

छपाईवाल्याने तीन बाय चार फुटांचा दर उद्या सांगतो म्हटलंय. राखाडी रेघा छापताना उडतात का ते आधी छोट्या कागदावर पाहायचंय.